रंगेहाथ गुलाबी

माझी नणंद वस्तू ठोकून बघते. भांडं, दार, कपाट, दुकानातली बादली, पाहुण्यांनी आणलेला फ्लॉवरपॉट, काहीही. लहान असताना तिने दुपारी आडव्या झालेल्या काकांच्या टकलावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, "काका भरीव आहेत." काका जागे झाले तेव्हा ती पलंगाखाली होती. माझ्या सासूबाईंनी ही गोष्ट मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली. कौतुकाने सांगितली की सावध करायला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिला चांगलं नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. आमच्या सगळ्या बिल्डिंगची ती ठोकताई. मीही तेच म्हणते. नाव उच्चारलं की ती "कोण?" म्हणून मागे वळून बघते, त्यापेक्षा हे बरं.

पुढे ह्याच खोडीवर तिने पोट भरलं. बांधकामातला डिप्लोमा केला आणि जुन्या इमारती तपासणाऱ्या एका कचेरीत जी चिकटली ती निवृत्त होईपर्यंत. काम काय, तर हातोडी घेऊन खांब, तुळया, छतं ठोकत जायचं आणि कान द्यायचा. काँक्रीट धडधाकट असेल तर ठण्ण वाजतं. आतून सुटलं असेल तर बद्द. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं. मला सगळंच ठण्ण ऐकू आलं, आणि शेवटचा ठण्ण माझ्या अंगठ्याचा होता.

माणसांनाही तिने हीच मापं लावली. लग्नाच्या वयात तिच्या दादाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ओळखीतले दोन कमावते मुलगे सुचवले. पहिल्याला भेटून आली.

"कसा वाटला?"

"बद्द."

दुसऱ्याला भेटून आली. दादाने विचारलंच नाही, नुसतं तोंडाकडे बघितलं.

"हा तर नुसता गिलावा आहे रे दादा, मागे भिंतच नाही."

मग एके दिवशी ती बसस्टॉपवर उभी असताना बस आली. हिने सवयीने बसच्या पत्र्यावर हातोडी हाणली. ड्रायव्हर खाली उतरला.

"काय हो बाई, माझी गाडी काय वैरीण आहे का तुमची?"

"पत्रा सुटलाय तुमचा. ऐका."

त्याने ऐकलं. मग तिच्या हातातून हातोडी घेतली, आणखी चार ठिकाणी ठोकलं, आणि मागच्या चाकाजवळ थांबून म्हणाला, "इथेसुद्धा." आत बसलेली माणसं ओरडत होती आणि हे दोघं बसला प्रदक्षिणा घालत होते. संध्याकाळी ती घरी आली ती गालातल्या गालात हसत. "वहिनी, माणूस सापडला. ठणठणीत आहे."

माझ्या नवऱ्याने थोडी कुरकुर केली आणि मग लग्न लावून दिलं. ती दोघं आमच्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर राहायला आली. आमचं घर मागच्या अंगाला, त्यांचं रस्त्याच्या बाजूला, मध्ये एक सामाईक भिंत. भिंतीवर दोनदा टकटक म्हणजे चहा तयार आहे, एकदा म्हणजे ये, आणि सलग टकटक म्हणजे काहीतरी सांगायचंय आणि पोटात मावत नाहीये. माझ्याकडची भिंत त्या जागी गुळगुळीत झाली आहे.

तिच्या घराला रस्त्याकडे एक गॅलरी होती. गॅलरीच्या बरोबर खाली बसस्टॉप. नवऱ्याच्या बसचा मार्ग इथूनच जायचा. तो स्टॉपवर बस लावायचा, इंजिन चालूच ठेवायचा, आणि दोनदा हॉर्न द्यायचा. वरून ठोकताई दोरीला बांधलेला चहाचा थर्मास सोडायची. तो खिडकीतून हात काढून घ्यायचा, झाकणात ओतून चहा प्यायचा, थर्मास परत बांधायचा आणि पुन्हा हॉर्न. बस धडधडत उभी, धूर भकाभक वर, गॅलरीत ठोकताई खोकत हसत उभी. प्रवासी सुरुवातीला भांडायचे. नंतर नंतर एखादा म्हातारा म्हणायचा, "आज दूध जास्त झालंय का हो?" असं वर्षानुवर्षं चाललं. तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, त्याच्यामागून वर्षभरात माझाही गेला. त्या गॅलरीच्या कठड्यावर दोरीने पाडलेली खाच मात्र तशीच होती. सकाळचा चहा ती त्या खाचेवर कोपर टेकूनच प्यायची.

आता थोडं रसायनशास्त्र. कंटाळू नका, मी त्यातच पदवी घेतली आहे, लवकर उरकते.

सिमेंटमध्ये चुन्याचा खार असतो. तो खार आहे तोवर काँक्रीटच्या पोटातल्या लोखंडी सळ्या सुखाने नांदतात, गंजत नाहीत. पण हवेत गाड्यांचा धूर असतो, त्यात शाळेत शिकवलेला तो कार्बन डायऑक्साइड असतो. तो काँक्रीटच्या बारीक बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि खार मारत मारत पुढे सरकतो. वर्षाला केसभर, पण थांबत नाही. एक दिवस तो सळईपर्यंत पोचतो. मग हवेतली नुसती ओल पुरते. सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की बाहेरच्या काँक्रीटला लाथ मारते. भेगा पडतात, पोपडे पडतात, आणि खाली कुणी उभं असेल तर त्याच्या डोक्यावर पडतात. धुरातले बाकीचे आंबट वायू आणि काजळी मिळून छज्ज्याच्या पोटाला काळी खपली धरतात, ती वेगळीच.

खार कुठवर मेला हे बघायचं एक पाणी असतं. स्वच्छ, पाण्यासारखं. काँक्रीटचा ताजा तुकडा उडवायचा आणि उघड्या जागेवर फवारायचं. जिथे खार जिवंत, तिथे ते गर्द गुलाबी होतं. जिथे मेला, तिथे ढिम्म. म्हणजे बाहेरून आत बघत जायचं, गुलाबी कुठे सुरू होतं ते. ह्या पाण्याचं नाव फिनॉल्फथॅलिन, पण ते म्हणायला कवळी घट्ट बसलेली असावी लागते. एके काळी हेच जुलाबाचं औषध म्हणून विकायचे. हे मी ठोकताईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तेव्हापासून ती त्या बाटलीला 'गुलाब-जुलाब' म्हणते. कचेरीतसुद्धा म्हणायची. एका मोठ्या साहेबांसमोर म्हणाली होती, पण ते राहू दे.

तर आमची बिल्डिंग. रस्त्याकडच्या खांबांना उभ्या भेगा दिसायला लागल्या. ठोकताईच्या गॅलरीच्या पोटातून एक पोपडा बसस्टॉपवर पडला, नशिबाने रिकाम्या बाकावर. खाली पार्किंगमध्ये मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी म्हणजे गोलमटोल, घाबरट, मनाने चांगले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "ठोकताई, आता काय?"

"आता तपासणी. पण मी करणार नाही. स्वतःच्याच घराला मार्क द्यायचे नाहीत, हा आमच्या धंद्याचा नियम. दुसऱ्या कचेरीचा माणूस बोलवा."

"तपासतात म्हणजे करतात काय?"

हा प्रश्न ठोकताईला विचारायचा नसतो. ती वर पळाली आणि बाटली घेऊन आली. आणि मग त्या बाईने जी जादू दाखवली! साबणाच्या ओल्या वडीवर फवारा, गुलाबी. पाण्यात कालवलेल्या धुण्याच्या सोड्यावर फवारा, गुलाबी. वॉचमनच्या खोलीला नवा चुना लावला होता, त्यावर फवारा, भिंत गुलाबी. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"खार दिसला की हे पाणी लाजतं," ती म्हणाली. "गुलाबी झालं की समजा तब्येत ठणठणीत!"

मी मागून म्हटलं, "अगं, कुठवर गुलाबी ते महत्त्वाचं, ते सांग."

"सांगते ना वहिनी, थांब, आधी तुझ्या पायपुसण्यावर मारू दे."

आणि ते सांगायचं राहिलं. लोक घरी गेले ते एवढंच डोक्यात घेऊन, गुलाबी म्हणजे पास.

आता ह्यात ठोकताईचं काय अडकलं होतं ते सांगते. तिचा मुलगा परगावी असतो. त्याने नवा फ्लॅट घेतला आहे, तिच्यासाठी एक खोली ठेवली आहे, आणि फोनवर एकच पालुपद लावलं होतं: "आई, तो सांगाडा डोक्यावर पडायच्या आत इकडे ये." ती एकदा राहून आली. आल्या आल्या सलग टकटक. मी गेले.

"वहिनी, त्याच्या घरची भिंत ठोकली ना, तर पलीकडून शेजाऱ्याने विचारलं, 'कोण आहे?'"

पण मुलाने हट्ट धरला आणि तिने शेवटी शब्द दिला: बिल्डिंग नापास झाली, पाडायची ठरली, तर सामान बांधून येईन. परत यायचं नाव काढणार नाही. शब्द दिल्यावर आठवडाभर ती घरातल्या कुठल्याच वस्तूवर टकटक करीना. मला भिंतीकडे बघवेना. मी आपली दोनदा टकटक करायची, चहा घेऊन जायची, आणि ती म्हणायची, "ठेव तिथे."

तपासणीचा दिवस उजाडला. दुसऱ्या कचेरीतून जो माणूस आला त्याला बघून ठोकताईने कपाळावर हात मारला. "मौनी! ह्यालाच पाठवायचं होतं?"

मौनी हा तिच्याच वयाचा, तिच्याच धंद्यातला, उंच, टकला. आयुष्यभर दोघं एकमेकांच्या तपासण्यांत खोट काढत आलेले. हा माणूस बोलत नाही. "हं" म्हणतो. वर जाणारा हं म्हणजे बरं आहे, खाली येणारा म्हणजे वाईट आहे, आणि सपाट हं म्हणजे तुम्ही बाजूला व्हा. (लग्नबिग्न काही होणार नाही ह्या गोष्टीत, उगाच आशा लावून बसू नका.)

"नमस्कार," ठोकताई म्हणाली.

"हं." सपाट.

म्हणजे तिने वर जाऊन बसायचं. आम्ही दोघी तिच्या घरात गेलो. गॅलरीत उभं राहायला त्याने मनाई केली होती, म्हणून बाजूच्या खिडकीशी खुर्च्या टाकून बसलो. तिथून खालचा कोपऱ्याचा खांब आणि बसस्टॉपचा बाक तिरपे दिसतात.

सकाळभर मौनीच्या माणसांनी छिन्नी-हातोड्याने खांबांचे टवके उडवले. बाहेरचं काँक्रीट फोडून सळईच्या आतपर्यंत पोचतील अशा खोबण्या पाडल्या. मग फवारायची वेळ आली तर मौनीच्या फवाऱ्याचं तोंड तुटलं. त्याने माणसांना नवीन आणायला पिटाळलं. तेवढ्यात सेक्रेटरी पुढे.

"साहेब, तोवर दोन घास खाऊन घ्या. बायकोने मुद्दाम केलंय. नाही म्हणू नका, रागावेल."

मौनी म्हणाला, "हं." सेक्रेटरींनी तो वर जाणारा समजला आणि दंडाला धरून त्याला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. तिथे सेक्रेटरीणबाईंनी त्याला बसवून जे वाढायला सुरुवात केली! तो हात आडवा धरायचा, त्या हाताशेजारून वाढायच्या. आणि त्याला तिथे अडकवून आमचे सेक्रेटरी मागच्या जिन्याने खाली.

खाली काय चाललं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही. मध्ये एकदा सेक्रेटरी बादली घेऊन जाताना दिसले. ठोकताई म्हणाली, "बघ, बिचारा झाडलोट करतोय."

मौनी खाली आला तो पोटावर हात ठेवून, सावकाश. नवा फवारा आला होता. सगळी बिल्डिंग जिन्यात आणि पार्किंगमध्ये गोळा. त्याने कोपऱ्याच्या खांबावर फवारलं.

गुलाबी!

साधं गुलाबी नव्हे. लग्नघरातल्या पंगतीत सरबत सांडावं तसं गुलाबी. खोबण गुलाबी, खोबणीच्या कडा गुलाबी, बाहेरचा गिलावा गुलाबी, काजळीची काळी खपली गुलाबी, शेजारचा पाण्याचा पाइप गुलाबी, खाली उभ्या स्कूटरचं चाक गुलाबी. लोकांनी आरडाओरडा केला. मौनी पुढच्या खांबाकडे गेला. गुलाबी. त्याच्या पुढच्या. गुलाबी, आणि जमिनीवर ओघळ.

ठोकताईने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "पास! वहिनी, पास! मी नाही जात कुठे!" ती उठली, दाराला टकटक, खुर्चीला टकटक, माझ्या डोक्याला टकटक. "वहिनी, तूसुद्धा भरीव आहेस!"

मीही हसत होते. मग बघितलं तर ती थांबली होती. खाली बघत होती.

"काय झालं?"

"बाहेरची कातडी गुलाबी कशी?"

"असेल."

"असेल काय, वहिनी? तू शिकलेली ना? तिथे इतकी वर्षं बसचा धूर लागलाय. बाहेरून गुलाबी असायलाच नको. आणि लोखंडी पाइप? पाइपला कुठून आला खार?"

मला उमगलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिने माझ्या. आणि मी सरळ सांगितलं, "हे बघ, तो मौनी 'हं' म्हणेल आणि जाईल. तू खाली बस."

ती बसली. खरंच बसली. खाली बाकावर माणसं बसची वाट बघत होती, एक बाई पिशवी मांडीवर घेऊन, आणि तिच्या डोक्यावर आमच्या गॅलरीचं काळं पोट. ठोकताईने त्या बाईकडे बघितलं, मग आपल्या घराकडे, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे, मग पुन्हा त्या बाईकडे.

"त्या बाईला वाटतंय वर छत आहे," ती म्हणाली, आणि उठून धावत सुटली. ह्या वयात. चपला न घालता. मी मागून "अगं गुडघे!" म्हणत.

आम्ही खाली पोचलो तेव्हा मौनी खांबासमोर उभा होता आणि त्याच्या तोंडून कुठलाच हं निघत नव्हता. तो नाक खांबाजवळ नेऊन हुंगत होता. सेक्रेटरी बाजूला उभे राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. "वा साहेब, वा! काय रंग आहे! चला, आता लिहून टाका!"

मौनीने आणखी एकदा फवारलं. तेवढ्यात स्टॉपवर बस आली, सुटली, तिच्यामागे वाऱ्याचा झोत आला, आणि फवारा खांबावर जायच्या ऐवजी आडवा उडाला. तुषार सगळे सेक्रेटरींच्या अंगावर.

त्यांच्या टाळ्या वाजता वाजता गुलाबी झाल्या.

आधी तळवे. मग बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं. मग मनगटापर्यंत. सेक्रेटरी हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. मग त्यांनी घाबरून कपाळाचा घाम पुसला, आणि कपाळ गुलाबी. नाकाला हात लावला, नाक गुलाबी.

ठोकताई म्हणाली, "अगंबाई, सेक्रेटरी लाजले!"

आणि मग जे हसू फुटलं! रंगेहाथ पकडणं हा शब्द मी जन्मभर वापरत आले, पण तो इतका तंतोतंत घडलेला कधी बघितला नव्हता. वॉचमन जमिनीवर बसला. सेक्रेटरीणबाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, "अहो, काय झालं?" आणि ह्यांनी दोन्ही हात मागे लपवले. मला इतकं हसू आलं की कवळी हातात घ्यावी लागली. मौनीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्याच्या बाबतीत हे म्हणजे लोळण घेणंच.

"धुण्याचा सोडा?" ठोकताईने विचारलं.

"आणि थोडा चुना," सेक्रेटरी खालमानेने म्हणाले. "तुम्हीच तर म्हणालात, गुलाबी झालं की ठणठणीत. मला वाटलं, सगळ्यांचंच भलं होईल. तुम्हालाही जावं लागणार नाही. बायको म्हणते, ठोकताई गेल्या तर बिल्डिंग बद्द होईल."

ठोकताईने डोळे पुसले, हसण्याचे की कसले ते मी विचारलं नाही. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, पण आजाऱ्याच्या गालाला लाली लावून त्याचा ताप जातो का? पास झालो असतो तर डागडुजी झाली नसती. चार वर्षांनी सगळे गुलाबी ढिगाऱ्याखाली."

ती मौनीकडे वळली. "पुन्हा फोडा. सगळं पुन्हा. ताज्या जागी. आणि सुरुवात माझ्या गॅलरीपासून."

"हं," मौनी म्हणाला. हा चौथाच प्रकार होता. मला तरी त्यात नमस्कार ऐकू आला.

पुन्हा टवके उडाले. ह्या वेळी फोडलं की लगेच धूळ ब्रशने झाडायची आणि लगेच फवारायचं, आणि सेक्रेटरींनी लांब भिंतीला टेकून, हात वर करून उभं राहायचं. ही शेवटची अट ठोकताईची.

गॅलरीवर फवारलं. ढिम्म. आणखी खोल फोडलं, ढिम्म. सळई दिसली, तिचा गंज सोलून हातात येत होता. पार आरपार कुठेच रंग नाही. ठोकताईने मनाई मोडून कठड्यावरच्या दोरीच्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"बघ ना वहिनी," ती म्हणाली, "रोजचा चहा प्यायला यायचा आणि इंजिन चालू ठेवायचा. माझ्याच नवऱ्याने खाल्ली माझी गॅलरी." आणि खुदकन हसली. "चहाबरोबर!"

मग खांब. रस्त्याच्या बाजूला रंग नाही, नाही, नाही, आणि सळईच्या जरा आत गेल्यावर एकदम गर्द गुलाबी गाभा. मागच्या बाजूला, माझ्या घराखाली, वरची पातळ कातडी सोडली की लगेच गुलाबी. खांबामागून खांब. प्रत्येक खांबाला लोक श्वास रोखून धरायचे, आणि रंग उमटला की "हं!" म्हणून एकसुरात ओरडायचे. मौनीला ते आवडलं नसावं, पण त्याने हरकत घेतली नाही. ठोकताई हातोडी घेऊन त्याच्यामागून फिरत होती. तो फवारायचा, ती ठोकायची, आणि दोघं एकमेकांकडे न बघता मान हलवायची.

संध्याकाळ व्हायच्या आत मौनीने फवारा खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"गॅलऱ्या जातील. घरं राहतील."

खांबांचं मेलेलं काँक्रीट सोलून, सळ्या घासून, जिथे पार गेल्या तिथे नव्या जोडून, वर ताजा मसाला भरायचा, आणि बाहेरून धूर आत शिरू नये असा रंग द्यायचा. रस्त्याकडच्या गॅलऱ्या मात्र कापून टाकायच्या. हे सगळं मागून ठोकताईने समजावलं, कारण मौनी तोवर थकून गप्प झाला होता.

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. "अरे, नापास नाही झालो. पास पण नाही. एटीकेटी लागली आहे." पलीकडून तो बराच वेळ बोलला. "हो. हो. शब्द पाळीन, पण पाडायची ठरलेलीच नाही, तर काय पाळू?" पुन्हा ऐकलं. "तूच ये इकडे. भिंत ठोकून बघ. इथे कुणी 'कोण आहे' विचारत नाही."

परांची बांधली. गॅलरी कापायच्या दिवशी पहिला घाव तिने मागितला. कंत्राटदार कुरकुरला, मग बाजूला झाला. तिने हातोडी उगारली, आणि कठड्यावर दोनदा टकटक केली. चहा तयार. मग हाणली. खाचेचा तो तुकडा तिने कापडात गुंडाळून घेतला. तो आता तिच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून असतो. वरच्या अंगाला एक पांढरा थर आहे. तो काय आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "कबुतर."

गॅलरीच्या जागी आता मोठी खिडकी आहे. पहिल्याच आठवड्यात एक बस खाली येऊन उभी राहिली, इंजिन चालू, नवा माल भरलेल्या खांबांवर धूर भकाभक. ठोकताई खाली गेली आणि बसच्या पत्र्यावर हातोडी हाणली.

"ए बाबा, इंजिन बंद कर!"

"का हो आजी?"

"मी जे आत्ता दुरुस्त केलंय ते तू खातोयस. बंद केलंस तर चहा देईन."

झालं. दोरी पुन्हा निघाली. आता बस येते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, मग हॉर्न देतो, आणि खिडकीतून थर्मास खाली उतरतो. इंजिन चालू असेल तर थर्मास अर्ध्यात लटकत राहतो आणि वरून हाक येते, "ऐकू येतंय मला, घरघरतंय!" बाकीच्या मार्गांचे ड्रायव्हरही मुद्दाम थांबायला लागले आहेत. माझं आलं संपतं, साखर संपते.

काल एका बसचं इंजिन बंद केलं ते पुन्हा चालूच होईना. प्रवासी उतरले, वॉचमन आला, आमचे सेक्रेटरी आले आणि सगळ्यांनी मागून बस ढकलायला सुरुवात केली. सेक्रेटरींच्या तळव्यांना बसची ताजी काजळी लागली. ठोकताई खिडकीतून ओरडली, "सेक्रेटरी, आज काळे का हो?" त्यांनी ढकलता ढकलता दोन्ही हात वर केले, बस मागे आली, सगळे ओरडत बाजूला पळाले, आणि मी भिंतीपलीकडे माझ्या घरी जाऊन चहाचं दुसरं आधण ठेवलं.